मर्लच्या काडतुसांची बचत

प्रिय ड्वेन भाऊजी यांस,

वहिनीचा नमस्कार. तुमचा गुडघा आणि पॅटीची खोकल्याची उबळ आता बरी असेल, असं धरून चालते. इकडे माँटानात बर्फ वेळेवर आला, आम्हीही तसे ठीक. (हे वाक्य सवयीने लिहिलं गेलं, खोडत नाही.)

तुमच्या भावाने तळघरात उडवलेली काडतुसं पुन्हा भरायचं यंत्र आणलं, तेव्हाचा हिशोब तुम्हीही ऐकला आहे. विकतच्यापेक्षा घरी भरलेल्या काडतुसामागे तीस सेंट वाचतात, म्हणून जितकी जास्त उडवू तितकी जास्त बचत. त्या बचतीपायी हे महिन्यातून एकदा नेमबाजीच्या क्लबात जायचे ते दर रविवारी जाऊ लागले. मग बचत ठेवायला लोखंडी कपाट आलं, नाजूक तराजू आला, आणि एवढी काडतुसं वाया जाऊ नयेत म्हणून आणखी एक बंदूक आली. माझ्या स्वयंपाकघराचा नळ मात्र अजून गळतोच आहे.

मार्चात ह्यांच्या हातून एका काडतुसात दारू दोनदा पडली. बंदुकीचा दस्ता फुटला, डावी भुवई जळाली. हे म्हणाले, बंदूकच जुनी. (बचतीतली तीच ती नवी.) मी ह्यांना डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी तीन शब्द लक्षात ठेवायला सांगितले. थोड्या वेळाने विचारलं तर हे एकही सांगू शकले नाहीत, मात्र दुकानातल्या काडतुसांचा भाव त्यांना सेंटासकट ऐकवला. घरी येताना गाडीत मी रडले. हे रस्ताभर मला भाव समजावत होते.

यंत्र बंद करा म्हणायची माझी छाती झाली नाही. ते गेलं तर माणूसच मिटेल. आता हे दर रविवारी क्लबात भरलेल्या काडतुसांचे डबे वाटतात. परक्याने भरलेलं काडतूस आपल्या बंदुकीत घालायचं नाही, हे आपल्याकडे पोरांनाही कळतं. लोक हसून डबा घेतात, "मर्ल, झकास हं," म्हणतात आणि घरी जाऊन फळीवर ठेवतात. भली माणसं आहेत.

थँक्सगिव्हिंगच्या सणाला आम्ही येतोय. भोपळ्याचं पक्वान्न मी आणीन.

तुमची वहिनी,
ओपल

ता. क. हे तुमच्यासाठी डबा आणताहेत. भावाची काडतुसं डोळे मिटून उडवणारे तुम्ही एकटेच. भाऊजी, हात जोडते, ह्या खेपेला उडवू नका. पण नेम अचूक लागला, असं ह्यांना सांगा. पत्र ह्याचसाठी लिहिलं.

ता. क. दुसरा. पाकीट चिकटवण्याआधी त्या डब्यातलं एक काडतूस कानाशी हलवून पाहिलं. आत काही खुळखुळलं नाही. बुडाची ठिणगी पाडणारी टिकली आधीच फुटलेली, म्हणजे उडवलेलंच रिकामं काडतूस, पुढे नुसती गोळी बसवलेली. तळघरात दारूचे डबे मार्चापासून सीलबंद. ह्यांना विचारलं, तर ह्यांनी काडतूस माझ्या हातातून घेऊन परत डब्यात ठेवलं. मग म्हणाले, "मला कळतं गं, ओपल. माझा हात आता भरवशाचा नाही. पण ड्वेनकडे रिकाम्या हातांनी कसा जाऊ? त्याला सांगू नकोस."

दिवा मालवून वर येताना म्हणाले, "आणि दारूचा खर्चही वाचतो."

भाऊजी, एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच वाचला. नेम अचूक लागला म्हणा.