काजळीचा पाय

२ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.
तू जनावरांची डॉक्टर झालीस ते बरं झालं, दुसरं कुणी माझी पत्रं वाचलीच नसती. काजळीच्या पुढच्या डाव्या पायाची सूज पार उतरली. लंगडत नाही, काल तर बादली लाथाडली. सोनोग्राफीचे फोटो सोबत पाठवतोय. इथला डॉक्टर नुसती मान हलवतो. अडथळ्यांच्या शर्यतीत उतरवू का तिला? आईवेगळं शिंगरू, बाटलीनं वाढवलं मी. तिला नुसतं उभं बघवत नाही. तुझी भावजय म्हणते, घोडीशी बोलता त्याच्या निम्मं माझ्याशी बोला.
माया पातळ होऊ देऊ नकोस.
तुझा धाकटा

११ फेब्रुवारी

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.
भावजयीचं म्हणणं पटलं, तुझं नाही. सूज उतरली म्हणजे पाय बरा झाला असं नसतं रे. फोटोत नळीच्या हाडामागच्या कंडरेत, स्नायूला हाडाशी बांधणाऱ्या दोरीत, काळा डाग दिसतो, तिथले तंतू तुटलेत. जागा भरतेय, पण व्रणानं. मूळचे तंतू विंचरलेल्या केसांसारखे सरळ असतात. हे नवे गुंतलेले आणि ताठ. जोर पडला की व्रण ताणला जात नाही, शेजारचा धड भाग फाटतो. शिवाय घोट्याच्या सांध्यातली कूर्चा झिजलीय, ती परत येत नाही. शर्यत आता कधीच नाही. दोर हातात धरून नुसती चालव. माझ्यावर हवा तेवढा चीड, पण ऐक.
तुझी ताई

२० एप्रिल

ती. ताईस,
सा. न. वि. वि.
तिच्या पाठीवर मी बसलो नाही. रोज दोर हातात धरून चालवलं. परवा बाकीचे घोडे फेरीला निघाले, तशी तीही आपणहून त्यांच्यामागे धावली आणि कुंपण ओलांडलं. उडी काय सुंदर होती, ताई! उतरली ती घोटा जमिनीला टेकवूनच. डॉक्टर म्हणाला, आता सोडवायला हवं. मी हो म्हटलं. सुई टोचेपर्यंत मान माझ्या मांडीवर होती. दोन्ही पुढचे पाय तुझ्या प्रयोगशाळेकडे पाठवले आहेत. माझं काय चुकलं, एवढंच बघ.
धाकटा

६ मे

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.
बघितलं. व्रणाशेजारीच फाटलं होतं. पण उजव्या पायातली कंडराही आतून विरत चालली होती. बाहेरून कुणालाच कळलं नसतं, मलाही नाही. तू काहीही केलं असतंस तरी ती वाचली नसती. हे ऐकून तुला बरं वाटेल की आणखी वाईट, मला ठरवता येत नाही. भावजय लिहिते, तू जेवत नाहीस, तबेल्यात जाऊन बसतोस. मी शनिवारी येते. तिची जागा तोवर एकट्यानं झाडू नकोस.
तुझीच,
ताई