पाणी दिलेल्या पोलादावरची रेघ

आबा, आज साताऱ्याच्या कारखान्यात तपासणीच्या टेबलावर एक शाफ्ट आला आणि मला सांगलीतलं आपलं स्वयंपाकघर दिसलं. चुलीच्या उजेडात तुम्ही बसला आहात. लेथ यंत्रावर पोलाद कापायच्या टूलची धार बारीक दगडावर घासताय, इतकं हळू, की घासण्याचा आवाज भाताच्या रटरटण्यात मिसळून जातो. मग तुम्ही त्याच टूलनं कापलेला, आरशासारखा गुळगुळीत नमुन्याचा तुकडा माझ्यापुढं येतो. "नख फिरव. काय लागतंय?" "काय न्हाई." "मग झालं. डोळं फसत्यात, नख न्हाई फसत." तुम्ही टूल फडक्यात गुंडाळून फळीवर ठेवता. त्याला कुणी हात लावायचा नाही, आईनंसुद्धा.

आजच्या शाफ्टवर नख अडकलं. तो कापणाऱ्या वयस्कर कारागिराबद्दल साहेब म्हणाले, "म्हाताऱ्याचा हात गेला, त्याला लेथवरनं काढा." घरातली पहिली पदवीधर मी, फिरण्याचा वेग, टूल पुढं सरकण्याची फीड, टूलच्या टोकाची गोलाई, यंत्राचे धक्के, सगळं पुस्तकात शिकले. पण आज एवढंच सुचलं, की भिंगाखाली रेघा बघाव्यात. सगळ्या सारख्याच अंतरावर होत्या. थरथरत्या हाताच्या रेघा अशा नसतात. मी टूल मागवलं. धारेचा मोहरीहून बारीक टवका उडाला होता, आणि तोच दर फेऱ्याला पोलादावर उमटत होता. कारागिराचा दोष नाही, असं मी लिहून सही केली. ते कारागीर बाहेर उभे होते. "लय उपकार झालं, बाई," म्हणाले. मला मान वर करवेना.

कारण मी शाळेत असताना एक दिवस तुमच्या शाफ्टवरही अशाच रेघा उठल्या होत्या. तुमच्या कारखान्याचे मालक सगळ्यांसमोर हसले, "आवं मिस्त्री, हात थरथराय लागला जणू!" तुम्ही घरी येऊन दिव्यासमोर हात धरलात आणि बराच वेळ बघत राहिलात. हात स्थिर होता, तरी तुम्ही मालकांचंच खरं मानलंत. पुढं आपणहून नुसतं ओबडधोबड कापायचं काम मागून घेतलंत. नमुन्याचा तुकडा माझ्यापुढं पुन्हा आला नाही.

त्या रात्री तुम्ही विचारलं होतं, "टूलला कुणी हात लावला व्हता का गं?" मी "न्हाई" म्हणाले. त्याच दिवशी सकाळी पाटीच्या पेन्सिलीला टोक करायला मी ते घेतलं होतं, आबा. फरशीवर पडलं. धार नीटच दिसली, म्हणून पुन्हा गुंडाळून ठेवलं.

तुमच्या माघारी ते फडकं माझ्याकडं आहे. अजून तेलाचा वास येतो. हे पत्र त्यातच ठेवते. तुमचा हात थरथरला नव्हता.