न्हाणीघरातली हिंदी

बाई, तुम्ही गेल्यापासून माझं मराठी बोलणं जवळजवळ संपलंच. मुलाला माझं मराठी समजतं, पण उत्तर तो हिंदीत देतो. सून जौनपूरची. नातीला "ये गं" म्हटलं की ती हसते आणि लांबूनच "क्या?" म्हणते. गल्लीतली आपली माणसं एकेक करून इंदूरला, पुण्याला मुलांकडे गेली. ब्रह्मा घाटाकडे उतरताना ज्या घरातून दुपारी मुलांचा पाठ ऐकू यायचा, तिथे आता गेस्ट हाऊस आहे. गेल्या महिन्यात मी आश्रमातून निवृत्त झाले. शाल दिली, समोसे मागवले, मॅनेजरसाहेब चार शब्द चांगले बोलले. घरी येऊन शालीची घडी घालताना मी मोठ्यानं म्हणाले, "झालं बाई एकदाचं." खोलीत कुणी नव्हतं. सवयीनं तोंडातून गेलेलं ते 'बाई' ऐकून मीच थांबले. म्हणून लिहायला बसलेय.

लिहिता येतं तेही तुमच्यामुळेच. आपली शाळा हिंदी. वर्गात तुम्ही गणित हिंदीत शिकवायचात आणि आम्हा दोन-तीन मराठी मुलींशी मराठीचा एक शब्द बोलायचा नाहीत. मराठी फक्त तुमच्या घरी. माझी आई चार घरी स्वयंपाक करायची, त्यातलं एक तुमचं. माडीवरच्या दोन खोल्या, तुम्ही एकट्या. मी सातवीत असेन. आई ओट्यापाशी उभी राहून काय काय संपलंय ते सांगतेय आणि मी कागदावर लिहितेय. तुम्ही चष्मा वर करून यादी वाचता: गूल, केली, नारल. "ळ कुठे गेला गं?" मी म्हणते, "बाई, हिंदीत नसतो तो." "मग हिंदीत लिही ना. मराठीत लिहायचं तर तो लागतो." पुढच्या रविवारपासून आई दाणे भाजायची, मी पाटावर बसून पानभर ळ काढायचे आणि तुम्ही वहीवर टिचकी मारून म्हणायचात, "पोट मोठं झालं. पुन्हा काढ." मला वाटायचं, माझ्यासाठी एवढा वेळ कुणी काढत नाही. खरंच कुणी काढत नव्हतं.

तुमच्या मनात होतं की मी ट्रेनिंग करावं आणि तुमच्याच शाळेत लागावं. बारावीपर्यंत तुमच्या मनासारखं झालं. मग माझं लग्न ठरलं, ट्रेनिंग अर्धवट राहिलं. नवरा साड्यांच्या दुकानात कामाला, माणूस चांगला होता. मुलगा चार वर्षांचा असताना नवरा काविळीनं गेला. शेजारणीनं सांगितलं, रामनगरला म्हाताऱ्यांचा आश्रम आहे, बायकांचं करायला बाई हवीय. दुसऱ्या दिवशी मी गेले आणि त्याच दिवशी कामाला लागले. करायचं म्हणजे सगळंच. उठवायचं, धुवायचं, पुसायचं, भरवायचं, दर दोन तासांनी कूस बदलायची, पाठीला जखम होते आहे का ते बघायचं. पहिले आठ दिवस घरी आल्यावर मला जेवण गेलं नाही. मग जायला लागलं.

त्या वर्षी गणपतीच्या कार्यक्रमात तुम्ही भेटलात. "काय करतेस हल्ली?" मी म्हटलं, "रामनगरला जाते." तुम्ही लगेच म्हणालात, "शाळेत?" आणि मी मान हलवली. फक्त मान हलवली, बाई, तोंडानं काही बोलले नाही, असं मी पुढे कितीतरी वर्षं स्वतःला सांगत राहिले. तुम्ही माझ्या पाठीवर हात ठेवून शेजारच्या बायकांना सांगितलंत, "माझी विद्यार्थिनी. शिकवते." आठवड्यानं आईच्या हाती फळ्यावरचा मोठा लाकडी कंपास पाठवलात, तुमचा स्वतःचा, खडू अडकवायच्या जागी तुमच्या बोटांनी गुळगुळीत झालेला. आईला सगळं माहीत होतं. तिनं तो माझ्या हातात दिला आणि भाकरी थापायला बसली. मी तुमच्याकडे येणं हळूहळू बंद केलं.

मग तो दिवस. पावसाळ्यात काढलेला नदीवरचा पीप्यांचा, म्हणजे तरंगत्या पिंपांचा पूल नुकताच परत बांधला होता, दसरा होऊन चार-पाच दिवस झाले असतील. त्याच्या हलत्या फळ्यांवरून मी चालत आश्रमात पोचले, हातमोजे घातले आणि बादली घेऊन व्हरांड्यात आले, तर समोर चाकाच्या खुर्चीत तुम्ही. घरात पडलात, खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं, पण एकटीनं राहणं आता शक्य नव्हतं. नागपूरहून आलेला पुतण्या ऑफिसात कागद भरत होता. तुम्ही माझ्याकडे बघितलंत, मग हातमोज्यांकडे, मग बादलीकडे. तुमचा आवाज वर्गातल्यासारखाच होता.

"तुझी शाळा किती वाजता सुटते गं?"

मी बादली खाली ठेवली आणि परत उचलली. एवढंच केलं.

तुम्ही ऑफिसात सांगितलंत की माझं काम त्या मुलीनं करायचं नाही. तेव्हा माझ्याबरोबर एक बिहारची बाई होती, ती तुमचं करायला लागली. मी त्याच खोलीत पलीकडच्या खाटेवरच्या आजींना भरवत असायचे, तुम्ही भिंतीकडे तोंड करून असायचात. तीन आठवडे तुम्ही माझ्याशी बोलला नाहीत. इतरांचं मला काही वाटायचं नाही. म्हातारी माणसं चिडतात, शिव्या देतात, एकीनं तर माझा हात चावला होता. पण तुमची ती पाठ मला घरापर्यंत दिसायची.

छठसाठी ती बाई गावी गेली आणि दुसरं कुणी नव्हतं. पहिल्या दिवशी तुम्ही म्हणालात, मला आंघोळ नको. दुसऱ्या दिवशीही नको. तिसऱ्या दिवशी मी चादर बदलायला आले तेव्हा तुम्हाला स्वतःलाच वास सहन होत नव्हता. डोळे मिटून तुम्ही म्हणालात, "ने मला. पण एक अट आहे."

"सांगा."

"तिथे मला बाई म्हणायचं नाही. मराठी बोलायचंच नाही."

"मग काय बोलू?"

"बाकीच्यांशी बोलतेस ते."

मी तुम्हाला न्हाणीघरात नेलं, प्लास्टिकच्या खुर्चीवर बसवलं, दार लावलं. पाणी हातावर घेऊन पाहिलं आणि म्हटलं, "माताजी, पानी ठीक है?" तुम्ही डोळे मिटलेलेच ठेवून म्हणालात, "जी." तुमच्या तोंडून मला 'जी'. माझे हात थांबले, मग पुन्हा चालायला लागले. "माताजी, हाथ ऊपर कीजिए." "जी." "अब पैर धो दूँ?" "धो दीजिए." तुमची हिंदी शाळेतलीच, शुद्ध आणि घडी मोडलेली नाही अशी. तुमचे खांदे मी कधी पाहिले नव्हते, ते किती बारीक होते! ऑपरेशनची खूण मांडीवर लांबवर गेलेली. मी सगळ्यांना घालते तशीच आंघोळ घातली, कमी नाही, जास्त नाही. पातळ नेसवून, केस पुसून तुम्हाला अंगणात उन्हात आणून बसवलं. तुम्ही डोळे उघडलेत, लांब श्वास घेतलात आणि मराठीत म्हणालात, "बस इथे. आईचं कसं झालं शेवटी, ते सांग."

माझी आई त्याच्या आदल्याच वर्षी गेली होती आणि मला कुणी विचारलंच नव्हतं.

पुढची तीन वर्षं असंच चाललं. ती बाई परत आली तरी तुमचं काम माझ्याकडेच राहिलं. आत हिंदी, बाहेर मराठी. आत माताजी, बाहेर बाई. आत तुम्ही मला 'आप' म्हणायचात आणि बाहेर अगं-तुगं. दार लावलं की आपण दोघी अनोळखी व्हायचो. खरं सांगते, त्यामुळेच मला नीट काम करता आलं. बाहेर उन्हात तुम्ही माझं बोलणं दुरुस्त करायचात. "नहाऊन आले काय? आंघोळ करून आले म्हण. आणि धूप नव्हे, ऊन." मी मुद्दाम दोन-चार चुका करायचे. त्या वेळात तुमचा चेहरा वर्गातल्यासारखा व्हायचा.

एकदा कुठल्याशा शाळेच्या मुली फळं वाटायला आल्या होत्या. एका चुणचुणीत मुलीनं तुम्हाला विचारलं, "दादीजी, आपके बच्चे नहीं हैं?" मी संत्रं सोलत बाजूला बसले होते. तुम्ही माझ्याकडे हात केलात. "ये मेरी छात्रा हैं. यहाँ काम करती हैं." मग म्हणालात, "बहुत कठिन काम है. तुम लोगों से नहीं होगा." मुली गेल्यावर मला वाटलं, आता तुम्ही शाळेचा विषय काढणार, तेव्हा मी माफी मागेन. तुम्ही संत्र्याची फोड तोंडात टाकून म्हणालात, "आंबट आहे," आणि तो विषय तिथेच राहिला. त्या हिवाळ्यात तुम्ही पुतण्याकडून लोकर मागवलीत. दोन महिने बोटं थरथरत असताना विणत होतात. मला वाटलं त्याच्या मुलांसाठी असेल. संक्रांतीला मला तिळगूळ दिलात आणि मांडीवर स्वेटर टाकलात. त्याला बाह्या नव्हत्या. मी तो उलटासुलटा करून बघत होते. तुम्ही म्हणालात, "दिवसभर हात पाण्यात असतात तुझे. बाह्या भिजतात, मग तशीच ओल्यानं पूल ओलांडतेस. बघते ना मी." माझ्या कामाकडे एवढं नीट कुणी बघितलं नव्हतं, मी स्वतःसुद्धा.

तुम्ही गेलात ते माघात, दुपारी, जेवणं आटोपल्यावर. दोन दिवस पाणीच पोटात जात होतं. मी कूस बदलायला आले आणि पाठीखाली हात घातला, तेव्हाच कळलं. इतकी माणसं हातात गेली आहेत, हाताला कळतं. पुतण्याला फोन झाला, तो दुसऱ्या दिवशी पोचणार होता. मॅनेजरसाहेब म्हणाले, आंघोळ घालून तयार ठेवा. दुसरी बाई मदतीला येत होती, तिला मी नको म्हटलं. दार लावलं. पाणी हातावर घेऊन बघितलं, थंड असतं तरी आता काय होणार होतं, पण बघितलं. तेव्हा मराठी बोलायला कुणाची हरकत नव्हती. पण अट तुम्ही घातली होतीत आणि ती मोडायची परवानगी द्यायला तुम्ही नव्हतात. "माताजी, हाथ ऊपर करती हूँ," मी म्हटलं, आणि तुमचा हात मीच वर उचलला. केस, मान, पाठ, पाय, सगळं सांगून सांगून केलं. जी म्हणायला कुणी नव्हतं, म्हणून जराशी थांबायचे आणि पुढचं सांगायचे.

मणिकर्णिकेला आपल्याकडच्या बायका जात नाहीत. आश्रमाच्या गाडीतून तुम्हाला नेलं, मी फाटकापर्यंत आले. पुतण्यानं जाताना विचारलं, "काकू शेवटी माझ्याबद्दल काही म्हणाली का?" मी म्हटलं, "हो, रोज आठवण काढायची." तुम्ही तशी काढत नव्हतात, पण त्याला बरं वाटलं. या गोष्टीला बारा वर्षं होऊन गेली. नंतरही मी रोज तेच काम केलं, तेच शब्द बोलले. फरक एवढाच की आंघोळीनंतर अंगणात कुणाला बसवलं की माझ्याजवळ बोलायला काही उरायचं नाही. बाहेरही हिंदीच. मी चादरी गोळा करायला आत जायचे.

मघाशी सून डोकावून गेली. "किसको लिख रही हैं, मम्मीजी?" मी म्हटलं, "ऐसे ही." पाकीट आणलेलं नाही आणि पत्ताही नाही. हे कुणी वाचणार नाही म्हणून एक राहिलेलं लिहिते.

तुमचं हाड मोडण्याच्या दोन हिवाळे आधीची गोष्ट. सकाळची दहा-साडेदहाची वेळ, मला सुट्टी होती. घाटाकडून वर येणाऱ्या पायऱ्यांवर तुम्ही मध्येच बसला होतात. शेजारी भाजीची पिशवी, एक हात भिंतीला. उठायला बघत होतात आणि उठता येत नव्हतं. मी वरच्या टोकाला होते, दहा-बारा पायऱ्यांचं अंतर असेल. अशा माणसाला कसं उठवायचं ते मला झोपेतही जमेल. काखेत हात, गुडघ्याला गुडघा, आणि तीन म्हणताच उभं. दिवसातून दहा वेळा मी तेच करत होते. पण उभ्या राहिल्यावर तुम्ही विचारलं असतंत, आज शाळा नाही का? मी वळले आणि पलीकडच्या गल्लीनं घरी गेले. तुम्ही किती वेळ तिथे बसलात, कुणी उठवलं, मला माहीत नाही. तीन वर्षं रोज तुमच्याजवळ होते, पण विचारायचा धीर झाला नाही. तुम्हीही कधी बोलला नाहीत. तुम्ही तेव्हा मान वर केली होतीत की नाही, कुणास ठाऊक. मी मात्र तुम्हाला पाहिलं होतं, बाई.