महालक्ष्म्या उठेपर्यंत

प्रिय कुमुद,

काल फोनवर तू सहज बोलून गेलीस की दोन दिवसांपासून उजव्या डोळ्यापुढे चिलटं उडतायत, झुंडच्या झुंड, आणि कडेला वीज चमकते. मी ओरडले, तर ‘अरे कुछ नहीं ताई, महालक्ष्म्या बसल्यात, परवा उठल्या की दाखवते’ म्हणून तू मोकळी झालीस. आता तर फोनही उचलत नाहीस. सोळा भाज्या चिरत बसली असशील, दुसरं काय!

मागच्या वर्षी माझंही अगदी हेच झालं. एकदोन ठिपके तर मला कित्येक वर्षं दिसायचे. डॉक्टर म्हणायचे, वयानं होतं, घाबरू नका. म्हणून त्या दिवशी मोहरी सांडावी तसे ठिपके एकदम आले, तरी मी आपली नैवेद्याचे तांदूळ निवडतेय. मेले खडे संपेचनात! मग आरतीला डोळ्याच्या कडेनं लख्खकन उजेड चमकला. तुला फोन केला, तर तू हरखून म्हणालीस, ताई, देवीनं दर्शन दिलं गं. मलाही ते गोडच वाटलं. घरात कुणाला बोलले नाही. पुरण वाटलं, सवाष्णी जेवू घातल्या. विसर्जनाच्या संध्याकाळी नाकाच्या बाजूनं काळी सावली सरकत आली आणि समोर बसलेल्या यांचा अर्धा चेहराच दिसेना. कुमुद, तशी भीती मला कधी वाटली नव्हती.

डॉक्टर फार रागावले. डोळ्याचा पडदा आतून फाटला होता, ते ठिपके आणि ती चमक त्याचीच खूण. ठिपके एकदम वाढले, उजेड चमकला की त्याच दिवशी यायचं, म्हणाले. तेव्हाच आला असतात तर लेझरवर भागलं असतं.

ऑपरेशन छान झालं, असं मी तुला सांगितलं होतं. खोटं होतं ते. डाव्या डोळ्यानं मला खिडकी कुठं आहे एवढंच कळतं. घरात सगळ्यांना ठाऊक आहे, तुला सांगायचं नाही असं मीच बजावलं होतं. दर्शनाचं तुझ्या तोंडून निघालं होतं, तू जन्मभर स्वतःला खात बसली असतीस. पण आता लपवून तुझा डोळा घालवू का? नैवेद्य तुझ्या जाऊबाई दाखवतील. हे पत्र घेऊन माझा मुकुल मानपुरला तुझ्या दारात उभा आहे, गाडी त्यानं बंद केलेली नाही. मी इथे इंदूरला दवाखान्यात तुझा नंबर लावून बसते. हात धू आणि आहे त्या लुगड्यात नीघ.

तुझीच, घाबरलेली,
मंगलाताई