माळ्यावरचे टायर

४ ऑक्टोबर

ती. मामांस,
भिंगरीचा शि. सा. न. वि. वि.

फोनवर तुम्हांला अर्धं ऐकू येतं आणि उरलेलं अर्धं तुम्ही मनानं भरता, म्हणून हे लिहूनच कळवते. मी परवा गाडीवरून पडले. घाबरू नका. गुडघा सोलवटला आणि डाव्या आरशाची काच गेली, बाकी धडधाकट आहे. आईला सांगितलेलं नाही, तुम्हीही पोटात ठेवा.

तुम्हांला ठाऊकच आहे, रोज सकाळी मी डोंगरापलीकडच्या तीन दवाखान्यांतून रक्ताचे नमुने गोळा करून इथल्या लॅबमध्ये आणते. जाऊन येऊन नव्वद किलोमीटर. त्या रस्त्याला सातव्या वळणावर कड्यातून झरा पाझरतो आणि डांबर बारा महिने ओलं असतं. तिथेच पुढचं चाक असं निसटलं की कळायच्या आत मी रस्त्यावर होते. डब्यातल्या चार नळ्या फुटल्या. त्यातली एक ऐंशी वर्षांच्या एका आजींची. त्यांची शीर सापडायलाच नर्सला पाऊण तास लागला होता. दुसऱ्या दिवशी पुन्हा सुई टोचायची वेळ आली तेव्हा मी समोर जाऊन उभी राहिले. आजी म्हणाल्या, पोरी, तू पडलीस तर पड, पण माझं रक्त वर धरून पड.

आमच्या लॅबप्रमुख बाई मात्र हसल्या नाहीत. त्यांनी सांगितलं, आणखी एकदा पडलीस तर ही फेरी बंद, नमुने आठवड्यातून दोनदा व्हॅननं येतील. म्हणजे डोंगरापलीकडच्या लोकांच्या हाती रिपोर्ट चौथ्या दिवशी. महिनाअखेरीस बाई स्वतः माझ्या मागे बसून तो रस्ता उतरणार आणि मग ठरवणार.

मामा, ही फेरी मी सोडणार नाही. टायर झिजून पार गोटा झालेत, ते बदलायचे. पण कोणते? दुकानदार एक सांगतो, लॅबमधली मंडळी दुसरंच. चाळीस वर्षं टायरांत घालवलेला माणूस घरात असताना मी दारोदार कशाला विचारू?

मामींना नमस्कार. तुमचा लोभ अजून गोटा झालेला नाही असं धरून थांबते.

तुमची
भिंगरी


९ ऑक्टोबर

चि. भिंगरीस,
मामाचे पोटभर आशीर्वाद.

तुझं पत्र ऐकून मामी अर्धा तास तुझ्यावर रागावली आणि अर्धा तास माझ्यावर, कारण तुला मोटरसायकल शिकवली मी. गुडघ्याला हळद लाव आणि आईपासून लपवायचं असेल तर लंगडू नकोस.

अगं, गोटा टायर घेऊन ओल्या वळणाला जाणं म्हणजे पायाला साबण बांधून नाचायला जाणं. लहानपणी माझ्या दुकानात टायरांच्या चळतीवर बसून नखं काळी करायचीस आणि मामीचा धपाटा खायचीस, तेव्हा काय शिकवलं होतं? टायर डोळ्यांनी बघायचा नसतो. अंगठ्याचं नख रबरात दाबायचं. रुतलं आणि खूण हळूहळू भरून आली तर रबर जिवंत. मग दुकानदार काय वाटेल ते सांगो. आणि भारदस्त दिसतो म्हणून कोणी रुंद टायर गळ्यात मारायला आला तर घेऊ नकोस. गाडीला सांगितलंय तेच माप. पोराला बापाचा सदरा चढवला की पळताना तो पायात येतो.

पण तू दुकानात जाऊच नकोस. पलीकडच्या गल्लीतल्या व्यापाऱ्यानं धंदा आवरला तेव्हा मी तुझ्याच गाडीच्या मापाचे बारा टायर उचलले होते. मऊ रबराचे, असला माल आता येत नाही. त्यातले काही अजून माळ्यावर कागदात गुंडाळून आहेत, एक किलोमीटर धावलेले नाहीत. खास माणसांनाच देतो. आपल्या टपालवाल्याला दोन वर्षांपूर्वी पुढच्या चाकात एक बसवून दिला, त्याच्या खाचा अजून जशाच्या तशा आहेत. तुझ्यासाठी दोन उद्याच्या मालट्रकनं धाडतो. बसव आणि बाईंना म्हणावं, बसा खुशाल.

मामीचे आशीर्वाद यात आलेच. ती म्हणते, हळू चालव. मी म्हणतो, चालवत राहा.

तुझा
मामा


१५ ऑक्टोबर

ती. मामांस,
शि. सा. न. वि. वि.

टायर मिळाले. कागद इतका निगुतीनं गुंडाळला होता की फाडवेना, सावकाश उलगडला.

आता पुढचं मी तीनदा लिहून तीनदा फाडलं आहे. मामा, हे टायर मी बसवणार नाही.

तुम्ही सांगितलं तसं नख दाबलं. रुतलं नाही, वाकलं. दुसऱ्या जागी दाबलं तर मोडलं. टायर गुडघ्यावर धरून वाकवला तेव्हा खाचांच्या तळाशी केसासारख्या भेगा उघडल्या. इथल्या मेकॅनिकनं टायरच्या बाजूवरचे चार आकडे दाखवले. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन सालाचे. मी कॉलेजात पहिलं पाऊल टाकलं त्या सालचे हे टायर आहेत, म्हणजे नऊ वर्षांचे. रबर न धावताही म्हातारं होतं, असं तो म्हणाला. आणि तुमच्या माळ्यावरचा पत्रा तापला की तिथे मांजरसुद्धा थांबत नाही.

तुम्हांला वाईट वाटणार हे मला इथून दिसतं आहे. भेट म्हणून मी हे घरात वर्षानुवर्षं जपेन, पण चाकावर चढवणार नाही. माझ्या मागे बाई बसणार आहेत आणि डब्यात त्या आजींसारख्यांचं रक्त असणार आहे.

टायर नको, पण तुमचा सल्ला हवाच. इथे दोन प्रकार मिळतात. एक कडक रबराचा. वीसेक हजार किलोमीटर चालतो, ऑफिस त्याचेच पैसे देतं, पण ओल्यात त्याचा भरवसा नाही. दुसरा मऊ. ओल्या डांबराला धरून राहतो, पण किंमत दीडपट, आणि मागच्या चाकात दहा हजारांत संपतो. माझ्या फेरीला तो पाच महिनेही पुरायचा नाही. पकड धरू की पदर सांभाळू, सांगा.

रागावा, पण लोभ काढून घेऊ नका.

तुमची
भिंगरी


१८ ऑक्टोबर

चि. भिंगरीस आशीर्वाद.

पत्र पावलं. तुझ्या पहिल्या सायकलचं पंक्चर ज्या हातांनी काढलं, त्या हातांचा माल आता आकडे वाचून नापास होतो, एवढं समजलं. आमच्या वेळी लोक टायर वाचत, टायरवरचे आकडे नव्हे. सल्ला तुझ्या मेकॅनिकचाच घे. टायर परत धाडण्याची तसदी नको. टपालवाला दारात खोळंबला आहे, म्हणून पुरे करतो.

मामा


२० ऑक्टोबर

चि. भिंगरीस,
मामाचे आशीर्वाद, आणि या खेपेला थोडी लाजही.

परवाचं पत्र आधी फाड, मग हे वाच.

ते टपालवाल्याच्या हाती दिलं आणि घरात येऊन बसलो. मामीनं विचारलं, भाचीनं लिहिलंय तरी काय. मी म्हटलं, नख रुतत नाही म्हणून टायर नको म्हणते, शहाणी झाली. त्यावर ती म्हणाली, मग तोंड पाडून का बसलात, शहाणी व्हावी म्हणूनच तर तिला दुकानात बसवत होतात ना? आणि वर टोला हाणला, एवढी खात्री आहे तर माळ्यावर जाऊन दाबा की नख, नख काय एकट्या पोरीलाच आहे?

काल सकाळी शिडी लावली. वर चार उरले होते. कागद सोडला आणि नख दाबलं. पोरी, पाटा-वरवंट्यावर दाबल्यासारखं. चारही तसलेच. जगाच्या टायरांना नख लावत आलो आणि माझ्या माळ्यावरच्यांना एकदाही लावलं नाही. आपला तो बाब्या. खाचा शाबूत दिसतात एवढ्यावर नऊ वर्षं खूश राहिलो. चष्मा लावून तुझे ते चार आकडेही वाचले.

शिडीवरच होतो आणि टपालवाला आठवला. त्याच्या पुढच्या चाकात यातलाच एक. गेल्या महिन्यात तो पाण्याच्या टाकीजवळ घसरला, तेव्हा आम्ही दोघांनी मिळून शेवाळ्याला शिव्या दिल्या होत्या. तुझं खरं बोलणारं पत्र तो त्याच टायरवरून घेऊन आला, आणि माझं फुगलेलं पत्र त्याच टायरवरून घेऊन गेला. अकरा वाजेपर्यंत फाटकात उभा राहिलो. आला, तेव्हा पत्र घ्यायच्या आधी मी त्याच्या गाडीची चावी काढून घेतली. तो म्हणाला, मामा, वाटायची पत्रं आहेत, मस्करी नको. मी त्याला म्हटलं, ती आज पायी वाट. तो परत येईपर्यंत माझ्या गाडीचा पुढचा टायर उतरवून त्याच्या चाकात चढवला. माझा तीन महिन्यांपूर्वीचा, नख रुततं, पाहून घेतलं. त्याच्या चाकातला जुना करवतीनं मधोमध कापला. वरचे चारही कापले. नवेच आहेत म्हणून माझ्या मागे कोणी वापरायला नकोत. बारांपैकी पाच पहिल्या दोन वर्षांतच धावून संपले, त्यांची काळजी नाही. तुझ्याकडचे दोन तेवढे राहिले. ते जपू नकोस, काप.

आता सल्ला. तू लिहिलंस, पुढचं चाक आधी निसटलं. सगळं उत्तर त्यातच आहे. मागचं चाक सांगून घसरतं, शेपूट हलवतं, सावरायला क्षणभर देतं. पुढचं न सांगता जातं. म्हणून पुढे मऊ, मागे कडक. ओझं मागचा ओढतो, झिजतो तोच भराभर. तिथे मऊ घातलास तर पैसे रस्त्यावर पुसत जाशील. पुढचा मऊ असला तरी सावकाश झिजेल, आणि दोघे जवळपास एकदमच म्हातारे होतील. पदरचं जातं ते एकाच टायरपुरतं.

सहा महिन्यांच्या आतला आकडा बघ, आणि नख दाब. दुकानदाराला चकाकीचं पॉलिश लावू देऊ नकोस. नवा टायर नव्या चपलेसारखा, आधी सटकतो. पहिले दोनशे किलोमीटर दबकून चालव, मग बाईंना बसव. हवा सकाळी, टायर थंड असताना, मोजून भर.

आणि हे बघ, मला नाही म्हणालीस, ते बरं केलंस. लोभ होता तिथेच आहे, मीच दोन दिवस त्याला कागदात गुंडाळून ठेवला होता.

तुझा
मामा


३१ ऑक्टोबर

ती. मामांस,
शि. सा. न. वि. वि.

तुमचं अठरा तारखेचं पत्र फाडलं नाही. म्हातारपणी मी अशी फुगले की वाचायला ठेवलं आहे.

पुढे मऊ, मागे कडक बसवले. दोन्हींच्या जन्माला तीन महिनेही झालेले नाहीत. तीन फेऱ्या दबकून केल्या, इतक्या की दवाखान्यातली नर्स म्हणाली, पायी आली असतीस तर लवकर पोचली असतीस.

काल बाई मागे बसल्या. डबा त्यांनी मांडीवर घेतला आणि सहाव्या वळणापर्यंत माझ्या प्रत्येक ब्रेकवर काहीबाही सांगत होत्या. सातव्याला त्यांनी डबा दोन्ही हातांनी वर उचलून धरला. मी वेग आधीच उतरवला, पाण्याच्या पट्ट्यावर ब्रेकला हात लावला नाही, आणि चाक त्या ओल्यातून सरळ चालून आलं. पट्टा संपला तेव्हा बाईंनी डबा पुन्हा मांडीवर टेकवला.

लॅबमध्ये बाईंनी नळ्या मोजल्या. एकोणीस होत्या, एकोणीस भरल्या. मग खाली जाऊन पुढच्या टायरजवळ वाकल्या आणि विचारलं, हा कोणी निवडला. मी म्हटलं, मामांनी. कसा, ते विचारलं, म्हणून नख दाबून दाखवलं. त्यांनीही दाबून पाहिलं. मग वर आपल्या कामाला गेल्या. आज सकाळी टेबलावर नवी यादी होती. तीनच्या ऐवजी चार दवाखाने, आणि निघायची वेळ अर्धा तास अलीकडे.

तुमचे दोन टायर कापले. कापताना हात अडला, पण कापले. माझं मोडलेलं नख पुन्हा वाढलं आहे.

मामींना सांगा, हळूच चालवते. लोभ तपासत राहावा.

तुमची
भिंगरी


५ नोव्हेंबर

चि. भिंगरीस,
मामाचे चार दवाखान्यांना पुरून उरतील एवढे आशीर्वाद.

तुझं पत्र मामीला दोनदा वाचून दाखवलं. तिसऱ्यांदा तिनं माझ्या हातून घेतलं आणि माझं ते फुगलेलं पत्र तू ठेवलंस, एवढीच ओळ मोठ्यानं वाचली. मग लॅबच्या बाईंचा पत्ता मागितला. कशाला, ते सांगत नाही.

माळा रिकामा झाला. मामीनं तिथे तिचे जुने डबे नेऊन ठेवले आहेत. माझ्या गाडीला नवा पुढचा टायर आणला. दुकानात तीन टायरांना नख दाबून बघितलं, चौथा घेतला. दुकानदार वैतागला, म्हणाला, आजोबा, टायर घेताय की कलिंगड.

जास्त लिहीत नाही, टपालवाला दारात आहे. पण हल्ली तो घाई करत नाही. आला की आधी माझ्या गाडीपाशी वाकतो, माझ्या टायरला नख दाबून बघतो, आणि मगच तुझं पत्र हातात देतो.

तुझा
मामा