कुठलं ट्रम्पेट परत करायचं

अरे,
बाळाचं वजन करायला दवाखान्यात जातेय. तसं सगळं ठीक आहे, माझाच जीव आपला टांगणीला.

दुकानातून वाजवून बघायला आणलेली दोन्ही ट्रम्पेट, मधल्या दर्जाचं आणि प्रोफेशनल, पलंगावर आहेत. एक आज दुकानात परत न्यायचंय. मधल्या दर्जाचं फार गुणी आहे. बाळंतपणापासून माझा दम पुरत नाही, तेही सांभाळून घेतं. सकाळी प्रोफेशनल वाजवलं. सूर आधी फाटला, मग असा लांबला की खोली पाण्यावर तरंगतेय असं वाटलं. त्या आवाजातही बाळ गाढ झोपलं होतं, आणि कितीतरी दिवसांनी मी त्याचा श्वास मोजत नव्हते.

मधलं परत कर. दुकानदार विचारेल, "बाईंना झेपेल का?" सांग, अजून नाही झेपत, म्हणून तर ठेवलंय.