डबीतला शनी

अप्पा,

तुम्हाला जाऊन बरीच वर्षं झाली, तरी लोक अजून मला रस्त्यात गाठून तुमचं कौतुक ऐकवतात. परवा इथे नांदेडला भाजी घेताना एक गृहस्थ म्हणाले, "सरांनी मारलं म्हणून आम्ही घडलो." मी मान हलवली. मार खाऊन जे घडले नाहीत, ते काही भाजीबाजारात थांबून सांगायला येत नाहीत.

तुम्ही पहिल्यापासून असे नव्हता, हेही लिहायला हवं. गावच्या शाळेत मास्तर होतात तेव्हा पोरं तुमच्या मागं मागं फिरायची. भूकंपात घर पडलं, आई ढिगाऱ्यातून जिवंत निघाली, आणि पुढं कितीतरी दिवस पत्र्याच्या शेडबाहेर बाजेवर बसून तुम्ही मला कृत्तिका दाखवायचात. मग आपण लातूरला आलो. तुम्ही फिजिक्सचा क्लास काढलात, गावोगावची पोरं ट्रंका घेऊन यायला लागली आणि तुम्ही अप्पाचे सर झालात, घरातसुद्धा. बारावीला मला मेडिकलपुरते मार्क पडले नाहीत, तेव्हा तुम्ही मला रिपीटर बॅचमध्ये शेवटच्या बाकावर बसवलंत आणि त्या दिवसापासून माझं नाव घेणंच सोडलंत. "रिपीटरला वाढ." "रिपीटर उठली का?" भाकरी थापता थापता आईचा हात थांबायचा. तुमच्यापुढं बोलायची कुणाची टाप होती?

क्लासच्या ऑफिसात काचेच्या कपाटाशेजारी एक दुर्बीण उभी असायची. ॲडमिशनला आलेल्या पालकांवर छाप पाडायला तुम्ही ती आणली होती. तिच्यातून कधी कुणी आकाश पाहिलं नाही. शिपाई तिच्यावर ओला टॉवेल वाळत घालायचा. मी ती गच्चीवर नेली, चोरून नाही, दिवसाढवळ्या, सगळ्यांच्या देखत. नेट कॅफेत वाचलं होतं की साध्या वेबकॅमचं पुढचं भिंग काढून टाकायचं आणि आतली ती चित्र टिपणारी, हरभऱ्याच्या डाळीएवढी चकती उघडी करायची. डोळा लावायची भिंगाची नळी दुर्बिणीतून काढायची आणि तिच्या जागी हा कॅमेरा बसवायचा. बसवायचा कसा, हा प्रश्न होता. तो सोडवला कोपऱ्यावरच्या फोटो स्टुडिओतल्या फिल्मच्या काळ्या डबीनं. तिचं बूड कापलं, एमसीलनं कॅमेरा चिकटवला, आणि ती डबी दुर्बिणीच्या तोंडात अशी बसली की जणू तिच्यासाठीच केली होती. मला किती आनंद झाला म्हणून सांगू! तुमच्या शेवटच्या बाकावर बसून मी जे शिकले नव्हते ते माझ्या हातांना कळत होतं.

दिवेलागणीची वेळ आहे. गच्चीवरच्या खोलीत कॉम्प्युटर, दारातून बाहेर वायर, आणि पडद्यावर अचानक एक फिकट पिवळा ठिपका येतो, त्याला दोन कान आहेत. मी दुर्बिणीचं चाक जरा फिरवते आणि कानांची कडी होते. शनी! मी आईला हाक मारते. आई पिठाच्या हातानं वर येते, पडद्याकडं बघते. हवेनं आणि खालच्या पाण्याच्या मोटरनं चित्र थरथरतंय. आईचा चेहरा उतरतो. "हालायलंय! हालायलंय गं, खाली चला!" आणि ती जिन्यावरून ओरडत सुटते. तिचं ऐकून क्लासच्या होस्टेलची पोरं रस्त्यावर. आई त्यांच्यात अनवाणी उभी, हाताला पीठ. तुम्ही सगळ्यांसमोर म्हणालात, "पृथ्वी न्हाई हालली. हिचं डोकं हालतंय." पोरं हसली. अप्पा, आईसुद्धा हसली, ते मला आजही सहन होत नाही.

मग तुम्ही वर आलात आणि पडद्यासमोर उभे राहिलात. मला वाटलं, आता माझं नाव घ्याल. "कुणी केलं हे?" मी म्हणाले, मी. मोठ्या उत्साहानं सांगितलं की व्हिडिओतल्या हललेल्या चौकटी फेकून द्यायच्या, स्थिर तेवढ्या एकावर एक रचायच्या, मग चित्र स्वच्छ निघतं. तुम्ही म्हणालात, "क्लासपण असाच चालतो. फेकायच्यात कोण बसतं ते तुला माहीतच हाय."

पुढच्या आठवड्यात पेपरात फोटो आला: तुमच्या क्लासच्या पहिल्या नंबरच्या विद्यार्थ्यानं वेबकॅमनं टिपला शनी. त्या मुलाला गच्चीवर उभं करून हातात माझी डबी दिली होती, ती त्यानं उलटी धरली होती. मी रडत रडत विचारलं तर तुम्ही ताटातून मानही वर केली नाहीत. "रिपीटरनं काढला म्हटलं तर पालक काय म्हणतील? हेच करत बसली म्हणून उडाली. अक्कल हाय का न्हाई?" तुमचा हिशोब बरोबर होता. त्या वर्षी ॲडमिशनला उभं राहायला जागा नव्हती. दुर्बीण परत खाली गेली, आणि मी बीएस्सी करून इथल्या शाळेत विज्ञान शिकवायला लागले.

शेवटी तुम्ही माझ्याकडंच आलात, आणि मी तुम्हाला ज्याच्या दवाखान्यात ठेवलं तो पेपरातल्या फोटोतला तोच मुलगा. डॉक्टर म्हणून चांगला आहे, खोटं कशाला बोलू. एका सकाळी तो तुमची नाडी बघत होता आणि तुम्ही मला म्हणालात, "ह्यानं शनी आणला होता खाली, माहितंय का तुला? भिंग काढून, फिल्मच्या डबीत कॅमेरा बसवून. लई डोकं. तुला न्हाई जमलं असतं." मला आधी वाटलं, टोमणा आहे. तुमच्या डोळ्यांत पाहिलं तर टोमणा नव्हता. तुम्हाला खरंच तसं आठवत होतं. डॉक्टर घड्याळाकडं बघत राहिला, नाडी मोजून झाली तरी. "हाय ना गं ध्यानात?" तुम्ही परत विचारलंत.

मी म्हणाले, "हो अप्पा. त्यानंच केलं होतं."

बाहेर आल्यावर डॉक्टर म्हणाला, "ताई, तुमचं मन फार मोठं आहे." मन मोठं वगैरे काही नव्हतं. खरं सांगितलं असतं तर तुम्ही रडला असता, माझा हात धरला असता, माफी मागून मोकळे झाला असता. मला तुम्हाला मोकळं करायचं नव्हतं. हे पत्र तुमच्यापर्यंत पोचवायची सोय नाही, हे बरंच आहे. सोय असती तरी मी पाठवलं नसतं. वाचून तुम्हाला खरं कळलं असतं.